टीव्हीतली वाक्यं आणि आपली भाषा समिती



परवा आठवडे बाजारात गिलकी घेत होते. भाव दोनदा विचारून झाला होता, तरी सवयीने तिसऱ्यांदा विचारला. भाजीवाली मावशी हसली आणि म्हणाली, "मंग लॉक करी टाकू का ताई?" आजूबाजूच्या दोघीतिघी हसल्या, मीही हसले आणि मुकाट्याने पिशवी पुढे केली.

घरी येताना विचार करत होते. 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं 3 जुलै 2000 ला. अमिताभजी संगणकाला 'कंप्युटरजी' म्हणायचे आणि समोरच्याला विचारायचे, "लॉक किया जाए?" बुराईच्या काठी भाजी पिकवणाऱ्या या मावशीने तो कार्यक्रम कितीदा पाहिला असेल कुणास ठाऊक. त्या काळात आपल्याकडे लोडशेडिंग इतकं असायचं की प्रश्न ऐकायला मिळाला तर उत्तर मिळायचं नाही. तरी ते वाक्य शिंदखेड्याच्या बाजारात पोचलं, अहिराणी शिकलं आणि आता गिलक्यांचा भाव ठरवतंय!

आपल्या सगळ्यांच्या घरात अशी वाक्यं आहेत. मी आठवायला बसले तर माझं सगळं आयुष्यच त्यांत सापडलं.

माहेरी टीव्ही आला तेव्हा मी शाळेत होते. मुंबई दूरदर्शनवर कार्यक्रम मध्येच बंद पडला की पडद्यावर 'व्यत्यय' अशी पाटी यायची. आईने तो शब्द लगेच उचलला. ती सामायिक घेऊन बसली आणि कुणी दार वाजवलं, तर सामायिक पारल्यावर म्हणायची, "आज फार व्यत्यय आला." त्याआधी ती 'खोळंबा' म्हणायची. मग 1987 च्या जानेवारीत रविवार सकाळचं 'रामायण' आलं आणि पाठोपाठ 1988 च्या ऑक्टोबरात 'महाभारत'. 'महाभारता'चे संवाद डॉ. राही मासूम रझा यांनी लिहिले होते. त्यातलं 'पिताश्री', 'माताश्री', 'भ्राताश्री' आमच्या अंगणात असं रुजलं की माझा भाऊ वडिलांकडे पेनासाठी पैसे मागतानाही 'पिताश्री' म्हणायचा. वडील रागावायचे नाहीत. मला वाटतं त्यांना ते आवडायचं. दिवसभर दुकानात 'ओ शेठ, ओ शेठ' ऐकणाऱ्या माणसाला घरी कुणीतरी पिताश्री म्हणत होतं!

आणि ललिताजी! कोणत्या बाईला ती आठवत नाही? सर्फच्या जाहिरातीत कविता चौधरी भाजीवाल्याशी घासाघीस करायच्या आणि मग सांगायच्या की स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यात फरक असतो. याच कविता चौधरींनी पुढे 'उडान' मालिका केली. आई कापडाच्या दुकानात हात लावून पोत बघायची आणि म्हणायची, "इसीमें समझदारी है." दुकानदारही समजायचा की ही बाई आता ऐकणार नाही.

लग्न होऊन शिंदखेड्याला आले तर इथे सासूबाई. त्यांना टीव्हीचं वेड नव्हतं, पण 2004 साली 'होम मिनिस्टर' सुरू झालं आणि आदेश बांदेकर साऱ्या महाराष्ट्राचे भावोजी झाले. सासूबाईंनी रेशीम कधीच सोडलेलं. कोषातला जीव उकळून काढलेलं वस्त्र अंगाला लावायचं नाही, असं त्यांचं पच्चक्खाण. त्यामुळे पैठणीत त्यांना काहीच रस नव्हता. तरी संध्याकाळी स्थानकात निघण्याआधी एकदा विचारायच्याच, "भावोजी आज कुणाकडे गेले?" जणू आमच्याच नात्यातले! एखादी सून नवऱ्याच्या तोंडावर खरं बोलली की सासूबाईंना फार आनंद व्हायचा.

आमच्याकडे चौविहार. सूर्यास्ताच्या आत जेवणं, भांडी, ओटा सगळं आटोपतं. प्रतिक्रमण करून आलं की रात्री साडेआठला घर मोकळं. म्हणून 2008 मध्ये 'तारक मेहता का उल्टा चष्मा' आली तेव्हा ती आमच्या घरची मालिका झाली. सासरे, सासूबाई, दोन्ही भाऊ, आम्ही दोघी जावा, मुलं, सगळे एका सतरंजीवर. मांस-दारू नाही, सासू-सुनांचे डाव नाहीत, भिडे मास्तर तर आपलेच वाटायचे. दयाबेनचं "हे माँ, माताजी!" आमच्या स्वयंपाकघरात दिवसातून दहादा ऐकू यायचं. दूध उतू गेलं, हे माँ माताजी. गॅस संपला, हे माँ माताजी.

त्याच मालिकेतून आणखी एक वाक्य आलं. जेठालाल चिडला की दयाला म्हणायचा, "ए पागल औरत!" ह्यांनी ते उचललं. आधी घरात, मग दुकानात गिऱ्हाइकांसमोर. मी हसायची. न हसून काय करणार? न हसणारी बाई रागीट ठरते. मग एके दिवशी धाकट्या दिरांचा सहा वर्षांचा मुलगा सासूबाईंना ते म्हणाला. त्या माळ फेरत होत्या. त्यांनी मणी धरलेलं बोट तसंच ठेवलं, त्याच्याकडे एकदा बघितलं, आणि पुढचा मणी ओढला. आम्ही सगळे त्या लेकरावर तुटून पडलो. आजीच्या पाया पडायला लावलं. त्याला ज्यांच्याकडून ते मिळालं त्यांना मात्र कुणी काही बोललं नाही, मीसुद्धा नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी दिलीप जोशींनी एका मुलाखतीत सांगितलं की ते वाक्य लेखकाने लिहिलेलं नव्हतं, चित्रीकरणाच्या ओघात त्यांनीच घातलं होतं. स्त्रियांच्या बाजूने आक्षेप आला तेव्हा ते पुन्हा बोलायचं नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. म्हणजे मालिकेच्या घरात ते वाक्य बंद झालं आणि आमच्या घरात चालू राहिलं.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते. सांगायला जड जातंय, म्हणूनच इतकी वळणं घेत आले.

'सीआयडी' आपल्या सगळ्यांना माहीत आहे. सोनीवर 1998 च्या जानेवारीत सुरू झाली. त्यातले एसीपी प्रद्युमन म्हणजे आपले शिवाजी साटम, बँकेत नोकरी करता करता मराठी नाटकांतून पुढे आलेले. त्यांचं ते हवेत बोटं फिरवत म्हणणं, "कुछ तो गडबड है, दया!" मालिका 2018 मध्ये थांबली आणि 2024 च्या डिसेंबरात परत आली. मधल्या सहा वर्षांत वाक्य काही थांबलं नाही. भाजीत मीठ कमी, गडबड है. मुलगा लवकर घरी आला, गडबड है.

तीन वर्षांपूर्वीच्या चौमासात आमच्या महिला मंडळाची प्रभावनेची वर्गणी माझ्या धाकट्या जाऊकडे, म्हणजे आपल्या बोलीत देराणीकडे होती. स्टीलच्या वाट्या धुळ्याहून मागवल्या होत्या. पर्युषणाच्या आधी हिशेबाला बसलो. पंधराएक जणी होतो. वही आणि डब्यातले पैसे जुळेनात. साडेआठशे रुपये कमी. ती पुन्हा मोजायला लागली, कपाळावर घाम. वातावरण जड झालं म्हणून मी, तिची जेठाणी, तिला हलकं वाटावं म्हणून, खरंच त्याच भावनेने, बोटं फिरवली आणि म्हटलं, "कुछ तो गडबड है, दया!"

सगळ्या खो खो हसल्या. तीही हसली.

दुसऱ्या दिवशी तिला आठवलं. टेम्पोवाल्याला भाडं आणि हमाली दिली होती, पावती नव्हती, वहीत लिहायचं राहिलं. तिने लगेच मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं. दोघींनी अंगठा दाखवला आणि विषय संपला.

म्हणजे मला वाटलं संपला. चार महिन्यांनी तिने वही दुसरीकडे दिली. मुलांच्या परीक्षा आहेत म्हणाली. मग स्थानकात येणं कमी झालं, प्रतिक्रमण घरीच करते म्हणाली. संवत्सरीला मी मोबाइलवर छानसं कमळाचं चित्र शोधलं, त्यावर 'मिच्छामि दुक्कडं' लिहिलेलं, आणि दोनशेच्या वर लोकांना एकदम पाठवलं. त्यात तीही होती, जी माझ्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहते. तिचे जोडलेले हात आले. मीही निश्चिंत.

मागच्या चौमासात एके दुपारी पुतणी खाली अभ्यासाला आली. आता बारा वर्षांची आहे. मी सहज विचारलं, "मम्मी आपल्यासोबत स्थानकात का नाही गं येत?" ती वहीतून मान वर न काढता म्हणाली, "तिकडे तिला सगळे गडबड म्हणतात ना."

मी सुन्न झाले. मग एकेक आठवू लागलं. प्रसादाचे पेढे मोजताना कुणीतरी म्हणालं होतं, "बघा हं, गडबड नको." आयंबिलाच्या स्वयंपाकात ती वाढायला उभी राहिली तेव्हा कुणीतरी हवेत बोटं फिरवली होती. मी तिथे होते. मीही हसले होते. प्रत्येक वेळी एकच वाक्य, प्रत्येक वेळी गंमत म्हणून.

त्या संध्याकाळी प्रतिक्रमणात दुसऱ्या व्रताचे अतिचार आले. रोज म्हणते, पाठ आहेत, जीभ आपोआप चालते. पहिलाच अतिचार 'सहसब्भक्खाणे'. सहसा अभ्याख्यान, म्हणजे मागचापुढचा विचार न करता कुणावर आळ घेणं. सख्यांनो, कितीतरी वर्षं मी तो शब्द म्हणतेय. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचा चेहरा दिसला. तो वरच्या मजल्यावर राहत होता.

मी खूप विचार केला की असं का झालं. आपल्या आज्या म्हणी बोलायच्या, त्यांनीही माणसं दुखावायची, मग टीव्हीच्या वाक्याचं वेगळं काय? मला एवढं उमगलं. म्हण पिढ्यान् पिढ्या हजार प्रसंगांतून घासली गेलेली असते, ती कुणा एकाची राहत नाही. मालिकेतलं वाक्य मात्र आपल्याबरोबर त्याचा अख्खा प्रसंग घेऊन येतं. भाजीवाली 'लॉक' म्हणते तेव्हा त्यासोबत येतं ते फक्त पक्कं ठरवणं, त्यात कुणाचं काही जात नाही. 'हसताय ना? हसायलाच पाहिजे!' हे निलेश साबळेंचं वाक्य म्हटलं तर सोबत येतं ते हसणं. पण 'गडबड है' म्हटलं की पाठोपाठ येतो तो गुन्हा. त्या मालिकेत एसीपी साहेबांची शंका फुकट जात नाही. भाग संपेपर्यंत समोरच्यांपैकी कुणीतरी गुन्हेगार निघतोच. मी वाक्य गमतीत म्हटलं, पण ऐकणाऱ्यांच्या मनात बाकीची गोष्ट आपोआप पूर्ण झाली. तिने टेम्पोचं भाडं सांगितलं ते साध्या शब्दांत. साध्या शब्दांना ना चाल, ना हातवारे. ते कुणाच्या लक्षात राहिले नाहीत.

आणि दुसरं. असं वाक्य बोलणाऱ्याला आडोसा देतं. मी सरळ म्हटलं असतं, "पैसे कुठे गेले?" तर तिला उत्तर देता आलं असतं, भांडता आलं असतं. गमतीला उत्तर देता येत नाही. उत्तर दिलं की 'हिला गंमतही कळत नाही'. मी दुकानात गिऱ्हाइकांसमोर हसायचे ना, तशीच ती हसली. माझ्याच बाबतीत घडलेलं मला तिच्या बाबतीत ओळखू आलं नाही.

त्या वाक्यात 'दया' आहे, गंमत बघा. माझ्या बोलण्यात तेवढीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर गेले. ती खाखरे शेकत होती. मी म्हटलं, "माझं चुकलं. मी तुला त्या दिवशी सगळ्यांत तसं म्हणायला नको होतं. मिच्छामि दुक्कडं."

ती कापडाचा गोळा खाखऱ्यावर दाबत राहिली. म्हणाली, "भाभीजी, संवत्सरीला तुमचा मेसेज आला होता ना. मी पण हात जोडले. झालं की."

"तो तर मी सगळ्यांनाच पाठवला होता."

"तेच म्हणते मी."

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "तुम्ही म्हणालात त्याचं एवढं नाही. तुमच्यामागून पंधराजणी म्हणाल्या, त्याचं आहे. आणि बोललात खाली सगळ्यांत, सांगताय इथे मला एकटीला." मग मला दोन गरम खाखरे दिले, तूप लावून. रागात असलेली बाईसुद्धा आपल्यात कुणाला रिकाम्या हाती परत पाठवत नाही.

पुढच्या सभेत नवकार झाल्यावर मी उभी राहिले. साडेआठशे रुपयांचा हिशेब पुन्हा वाचून दाखवला, टेम्पोच्या भाड्यासकट. म्हटलं, हे वाक्य मी सुरू केलं, दोष माझा, आणि आजपासून ते या स्थानकात कुणी म्हणू नये ही विनंती. एक वयस्कर काकीजी म्हणाल्या, "अगं, ते तर हसण्यावारी होतं."

मी म्हटलं, "हो, काकीजी. हसण्यावारीच होतं." उत्तराध्ययन सूत्राच्या 24 व्या अध्ययनात भाषा समिती सांगताना बोलण्यात टाळायच्या आठ गोष्टी दिल्या आहेत. क्रोध, मान, माया, लोभ, हास्य, भय, वाचाळपणा आणि विकथा. आपण क्रोधाने बोलू नये हे जाणतो. पण भगवंतांनी त्याच ओळीत हास्यही ठेवलं आहे. मला वाटायचं, हास्याचं काय एवढं? आता कळलं. क्रोधाने बोललेलं निदान रात्री आठवतं आणि टोचतं. हसत बोललेलं आलोचनेपर्यंत पोचतच नाही.

कुणी काही बोललं नाही. निघताना एक जण माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली की तिच्या घरीही असं एक वाक्य आहे, नणंदेवरचं. एवढंच म्हणाली.

धाकटी त्या सभेत नव्हती. पण शिंदखेडा केवढंसं, संध्याकाळपर्यंत तिला कळलंच असणार. महिन्याभराने ती माझ्यासोबत स्थानकात आली. वही अजून दुसरीकडेच आहे. मी दोनदा म्हटलं, आता तू घे. ती म्हणते, "बघू." मी आता आग्रह करत नाही. माझं एक वाक्य तीन सेकंदांचं होतं. ते पुसायला किती चौमासे लागतील, हे ठरवणारी मी कोण?

घरात टीव्ही बंद केलेला नाही, खोटं कशाला सांगू. पर्युषणाचे आठ दिवस त्यावर कापड टाकतो, नंतर काढतो. नियम एकच केला आहे. टीव्हीचं वाक्य वस्तूला म्हणायचं, प्रसंगाला म्हणायचं, स्वतःला म्हणायचं. माणसाला उद्देशून म्हणायचं नाही. कुकरची शिट्टी होत नाही, म्हणा खुशाल गडबड है. दुकानातलं ते जुनं वाक्यही ह्यांना एकदा सांगितलं, न हसता. ते म्हणाले, "मग तेव्हाच का नाही बोललीस?" खरंच, का नाही बोलले? सासूबाई आता नाहीत. त्यांच्या त्या थांबलेल्या मण्याची क्षमा आम्ही कुणी मागितलीच नाही.

आणि संवत्सरीचं चित्र यंदा पाठवलं नाही. दोनशे जणांची यादी काढली आणि त्यातल्या अकरा जणांना फोन केला, ज्यांच्याशी काय चुकलं ते मला नावानिशी सांगता येत होतं. 'मिच्छामि दुक्कडं' म्हणजे माझं दुष्कृत मिथ्या होवो. कोणतं दुष्कृत, हे बोलणाऱ्यालाच माहीत नसेल, तर तेही सगळ्यांच्या तोंडात बसलेलं एक वाक्यच की!

तुम्हीही आज रात्री जरा ऐका. तुमच्या घरात कोणतं वाक्य फिरतंय, ते कोण म्हणतं आणि नेहमी कोणाकडे बघून म्हणतं. ती व्यक्ती हसत असेल. तरी एकदा विचारा.

प्रत्येक लेखाच्या शेवटी मी सवयीने एक ओळ लिहिते. आज सवयीने लिहीत नाही. या लेखात जिनाज्ञेच्या विरुद्ध काही लिहिलं गेलं असेल, आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या बहिणीला हे वाचून पुन्हा काही टोचलं असेल, तर मिच्छामि दुक्कडं. लेख आधी तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "खाखऱ्यांचं कशाला लिहिलंत?" पण काढायला सांगितलं नाही.